बसलेली हवा

२०२३ सालचा हिवाळा. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि माझा गहू तीस दिवसांचा झाला होता. दोघांचीही तब्येत ठणठणीत होती. जे बिघडलं ते माझ्या तोंडामुळं बिघडलं.

तेव्हापासून डिसेंबर लागला की मला वैताग येतो. कशाचा म्हणून विचारलंत तर धड सांगता येत नाही. पहाटे दार उघडतो. पाइपलाइनच्या कॉकला हात लावावा तर लोखंड बोटांना चिकटतंय असं वाटतं. गव्हाच्या पात्यावर दव असतं. ओहळाच्या पलीकडून द्राक्षाच्या फुलोऱ्याचा वास येतो. ज्याचं आयुष्य बागेत गेलं नाही त्याला तो वास येतच नाही, इतका हलका असतो. पूर्वी त्या वासानं माझी छाती भरून यायची. आता त्याच वासानं तोंड कडू होतं. पान हलत नसतं. सगळं रान श्वास धरून बसल्यासारखं. पोरगा सातपूरला कंपनीत जायला निघालेला असतो. तो मोबाइल बघून सांगतो, "तात्या, आज हवा स्वच्छ दाखवतंय." स्वच्छ! भांडं हे का ते, स्वच्छ असायला?

आमचं गाव दिंडोरीच्या अंगाला. मी चौथीपर्यंत शिकलो, तीही अर्धी. पण हवेचं मला कळतं, असं पंचक्रोशीत सगळे म्हणायचे आणि मीही म्हणायचो. चाळीस वर्षं बाग केली. पाठीवरच्या पंपापासून ट्रॅक्टरच्या ब्लोअरपर्यंत सगळ्यानं औषध मारलं. आभाळ कधी भरेल, दव कधी पडेल, पानांवर भुरीचा रोग कधी येईल, हे मी बांधावर उभं राहून सांगायचो. सकाळी सहालाच लोकांचे फोन यायचे. "तात्या, आज मारू का?" मी मूठभर माती उचलून सोडायचो. सरळ खाली पडली तर "मार", वाकडी गेली तर "थांब". यात माझं कधी चुकलं नाही. आणि हीच खरी अडचण झाली. माणूस अधूनमधून चुकलेला बरा, लोकांना सवय राहते.

गुडघे गेल्यावर बाग मी काढून टाकली आणि तिथं गहू केला. बाग तोडली त्या दिवशी मी जेवलो नाही, पण ते इथं नको.

सून वर्षा कळवणकडची. बारावी झालेली, बोलायला मऊ आणि आतून चिवट. गावातल्या बायकांच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला आणि गटानं तिला ट्रेनिंगला पाठवलं. आली ती वही भरून आणि परवाना घेऊन. सगळे तिला गमतीनं पायलटबाई म्हणायला लागले. मीही म्हणायचो, पण माझ्या म्हणण्यात गंमत कमी होती.

त्यांना म्हणे विमानवाल्यांसारखी हवा शिकवली. एकदा ती चुलीपुढं दूध तापवत होती आणि मी ओसरीवर चहाची वाट बघत होतो. मी खोचकपणे विचारलं, "काय पायलटबाई, काय शिकवलं हवेचं? वारा कुठून येतो ते तरी सांगितलं का?"

तिनं चिडायला पाहिजे होतं. ती चिडली नाही, दुधाकडं बघत सांगायला लागली.

"तात्या, दिवसा जमीन तापती ना, तिला लागून असलेली हवा तापती. तापली का हलकी होती आणि वर निघती. वरची हवा गार असंल तर ही चढतच राहती. ही उठणारी हवा. विमानाला धक्के बसतात ते हिच्यामुळं."

"बरं."

"रात्री उलटं. जमीन गार पडती, तिच्याजवळची हवा गार पडती, जड होती. आणि तिच्या वर ऊबदार हवा. मग खालची उठतच नाही. या पातेल्यावर झाकण ठेवल्यावर वाफ कशी आत राहती, तसं. धुकं, धूळ, वास, जे खाली सुटलं ते खालीच फिरतं. उन्हं वर येऊन जमीन तापंस्तवर झाकण निघत नाही."

"आता हवेला झाकण!" मी बायकोकडं बघून म्हणालो. "उद्या हिला विळी लावतील, मग कढई."

बायको लसूण सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पोरगी शिकून आली तर ऐका की जरा. तुमच्या घारी नाय पळवणार ती."

घारींचं असं होतं. मी नेहमी सांगायचो की घार सकाळी पंख मारत मारत जाते, कष्ट करत. दहा वाजले, रान तापलं, की तीच घार पंख पसरून नुसती गिरक्या घेत वर जाते, एकदाही पंख न हलवता. खालून कोणी उचलून धरल्यासारखी. हे मी लहानपणी गुरं राखताना बघितलं. हे कोणी शिकवलेलं नाही. म्हणून मी वर्षाला ऐकवलं, "उठणारी हवा मला नको सांगू. घार दहाच्या आधी गिरकी घेत नाय, हे सांगायला मला वही लागली नाय."

तर ती एकदम वळली. तिचा चेहरा उजळला होता. "मग तुम्हाला तर सगळं माहीतच हे, तात्या! तेच तर! घार उठंस्तवर आपण थांबायचं."

मी चहा मागितला.

अजून मला ते आठवतं आणि मांडीवर हात मारावासा वाटतो. उत्तर माझ्याच हातात होतं. सत्तर वर्षं मी ते आभाळात बघत आलो आणि तिनं उचलून माझ्या पुढ्यात ठेवलं, तर मी चहा मागितला. माणसाला माहीत असणं आणि ते योग्य जागी लागू पडणं यात केवढं अंतर असतं, आणि त्या अंतरात आपण किती ऐटीत बसून राहतो.

यंदाही घारी आल्यात. काल दुपारी ओहळावर तीन होत्या, एकीवर एक, जिना चढल्यासारख्या. त्यांच्याही वर ओझरच्या विमानतळाकडून आलेलं एक विमान होतं, उन्हात चमकत, जरा जरा हिसके खात. मी बांधावर बसून मान दुखेपर्यंत बघत होतो. विमानात मी कधी बसलो नाही, बसणारही नाही. पण आत बसलेला तो माणूसही आपल्या खाली काय उठतंय याचा हिशेब करत असेल, हे आता मला कळतं. पूर्वी वाटायचं, यांचं सगळं यंत्र करतं.

तर त्या डिसेंबरात गव्हात चंदनबटवा माजला होता. रुंद पानाचं तण मारायचं औषध आणलं. हे औषध गव्हाला काही करत नाही, पण द्राक्षाला फार वाईट. थेंब लागला तरी वेल वाकडी होते. आणि ओहळाच्या पलीकडं, खालच्या अंगाला, काशिनाथची बाग भर फुलोऱ्यात उभी. काशिनाथ माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आम्ही दोघांनी बाग एकाच वर्षी लावली होती. माझी गेली, त्याची राहिली.

म्हणून तर मी ठरवलं की वारा अगदी नसताना मारायचं. पहाटे.

साडेसहाला आम्ही रानात होतो. तोंडातून वाफ निघत होती. मी माती उचलली, सोडली. शिशाच्या गोळीसारखी पायाशी पडली.

"चल, कर चालू," मी म्हणालो.

वर्षानं ड्रोनचे पंखे उघडले, पण ती उभीच राहिली. "तात्या, थोडं थांबू. साडेआठ-नऊला पानं जराशी हलायला लागली आणि हवा त्यांच्याकडनं आपल्याकडं असली, का मारू."

"वारा सुटल्यावर मारायचं? ट्रेनिंगला काय उलट्या खोपडीचे मास्तर होते का?"

"थोडा वारा असला तर औषध कुठं चाललं ते कळतं तरी. आत्ता नाही कळणार. खाली काशाआप्पांची बाग हे."

"मला शिकवू नको त्याची बाग कुठं हे ती. तिची कलमं मी बांधलीत."

"मी नाही म्हणू शकते, तात्या. पायलट मी हे."

हे ती हळू म्हणाली. तिनं असं बोलायला किती बळ गोळा केलं असेल, ते तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या कानात फक्त 'नाही' शिरलं.

"पायलट तू हायस, पण रान माझं हे," मी म्हणालो. "उडव."

तिनं उडवला. आणि काय सांगू, तेलात ठेवल्यासारखा सरकला तो ड्रोन, एकही हिसका नाही. त्याच्या खाली औषधाचा बारीक फवारा पांढऱ्या मलमलीसारखा पसरला. ती मलमल जरा वेळ तशीच राहिली. पटकन खाली बसली नाही. मी ते बघितलं. बघितलं आणि मला ते सुंदर वाटलं. "बघ, एक थेंब हालला नाय," मी म्हणालो. वर्षा डोळे बारीक करून ओहळाकडं बघत होती.

पाचव्या दिवशी काशिनाथ आला. मफलर गळ्यात, चप्पल चिखलाची. हातात द्राक्षाचा शेंडा होता. शेंडा पिळलेला, कोवळी पानं मिटलेल्या पंख्यासारखी, शिरा एकत्र आलेल्या. मला काही सांगायची गरज नव्हती. असं पान मी आयुष्यात दोनदा बघितलं होतं.

"हे काय पाजलं रे माझ्या बागंला?" तो माझ्याशी बोलत होता, पण त्याचा आवाज कोणाशीच बोलत नव्हता. "ओहळाच्या बाजूच्या सगळ्या ओळी अशा. फुलोरा गळतोय, तात्या. वर्साचं काम हे माझं."

वर्षा धुणं वाळत घालत होती. तिचे हात थांबले.

आणि मी काय केलं? मी खोटं बोललो नाही. मी काहीच बोललो नाही. मी फक्त वर्षाकडं बघितलं.

एवढंच. पण त्या बघण्याला गावानं पंचनामा मानलं. काशिनाथनंही माझ्या नजरेच्या मागं नजर नेली आणि सुनेवर ठेवली. तिनं मान खाली घातली आणि ओला टॉवेल पुन्हा पिळला. तो आधीच पिळलेला होता.

त्या एका बघण्याचा मला आजही राग येतो. ओरडलो असतो, शिवी दिली असती, तर ती परत घेता आली असती. बघणं परत कसं घ्यायचं?

गटाची बैठक झाली. अध्यक्षीण मंगलबाई चांगली बाई, पण तिलाही गटाचं नाव सांभाळायचं होतं. ती घरी येऊन ओसरीच्या कडेला बसली, पाणीसुद्धा प्यायली नाही. "वर्षा, ड्रोन आणि बॅटऱ्या आणून दे. काशाआप्पांनी तक्रार लिहून दिलीये, बागेवरून ड्रोन नेला म्हणून. परवा दुपारी आम्ही ती वर पाठवणार. तुझा परवाना राहील का जाईल, ते तिकडं ठरंल." वर्षानं बॅटऱ्या पुसून दिल्या. मला वाटलं आता तरी ही सांगेल. तिनं नाही सांगितलं. पोरानं कंपनीतून फोन करून तिलाच सुनावलं, "कशाला नसता नाद केला?" तेही तिनं ऐकून घेतलं. तिनं माझं नाव घेतलं असतं तर मला भांडायला तरी मिळालं असतं.

शेवटी दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मी ओहळ ओलांडून गेलो. काशिनाथ मांडवाखाली खाटेवर बसला होता. त्याची बायको मथुरा शेळीला पाला घालत होती.

"काशा," मी म्हणालो, "वेळ मी ठरवली होती. वर्षा नको म्हणत होती. मी तिला उडवायला लावलं."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्याचे डोळे भरून आले, आणि मला वाटलं, सुटलो. पण त्यानं मान हलवली.

"तात्या, पन्नास वर्सं बघतोय तुला. तू आन हवंत चुकणार? सुनंसाठी बोलतोय तू. चांगलं हे. पण मला येडा समजू नको."

"अरे, खरंच सांगतोय."

"त्या दिवशी वारा होता का?"

"नव्हता."

"अजिबात?"

"अजिबात नव्हता."

"मग ओहळ वलांडून माझ्याकडं आलं कसं? पायानं चालत? वारा नसला का औषध जागंवर बसतं, हे मला कोणी शिकवलं? तूच ना? म्हणजे तिनं ड्रोन माझ्या बागंवरून फिरवला. वळवताना फिरवला असंल, चुकून असंल. पण फिरवला."

तो माझ्याच शब्दांनी मला अडवत होता. मथुरानं शेळीच्या पाठीवर हात ठेवून उसासा टाकला. "असा सासरा समद्या पोरींना मिळो," ती म्हणाली.

येताना दूध डेअरीवर थांबलो. किटल्या घेऊन दहा-बारा जण होते. तिथंही सांगितलं. एकजण हसला, "तात्या, सून लय लाडकी दिसती." बाकीचे कौतुकानं बघत होते. मी तिथं उभा राहून ओरडलो, "अरे, मी चुकलो म्हणतोय!" तर त्यांच्या नजरेत कौतुक आणखी वाढलं. आयुष्यभर मिळवलेला मान असा भिंतीसारखा उभा राहतो आणि आपल्यालाच पलीकडं जाऊ देत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. एखाद्या लफंग्यानं तेच सांगितलं असतं तर लोकांनी लगेच विश्वास ठेवला असता.

घरी आलो. वर्षा दिवा लावत होती. मी तिच्या मागं उभा राहिलो.

"ते झाकणाचं परत सांग."

"आता कशाला, तात्या?"

"सांग म्हणतो ना. काशा म्हणतो, वारा नव्हता तर आलं कसं?"

तिनं काडी विझवली. "वर जात नाही हवा. पण खाली तर जाती. गार हवा जड असती, पाण्यासारखी. उतार मिळाला का उताराला लागती. इतकी हळू, का अंगाला कळत नाही. वारा नाही वाटत, पण ती चाललेली असती. आपलं वावर वर, मधी ओहळ, खाली त्यांची बाग."

मी ओसरीच्या खांबाला टेकलो.

बाग होती तेव्हा कडाक्याच्या थंडीत द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून आम्ही पहाटे शेकोट्या करायचो. ओली काडी, पाला, धूर व्हावा म्हणून. आणि मी शेकोटी नेहमी वरच्या कोपऱ्यात लावायचो. का? तर धूर आपोआप खाली उतरतो आणि सगळ्या बागेवर गोधडीसारखा पसरतो. हे मी लोकांना शिकवलं होतं. काशिनाथलाही. धूर उतरतो हे मला माहीत होतं. औषधही उतरेल, हे एकदाही मनात आलं नाही. धूर हा थंडीचा विषय आणि औषध हा वाऱ्याचा, असे दोन कप्पे माझ्या डोक्यात होते आणि मधलं दार मी कधी उघडलंच नव्हतं. वर्षानं ते एका पातेल्याच्या झाकणानं उघडून दाखवलं होतं. मी चेष्टा केली होती.

माफी वगैरे मागायची आमच्यात रीत नाही. मी तसाच गोठ्यामागं गेलो, वाळकी काडी आणि ओला उसाचा पाला ओढून एका जागी रचून ठेवला. बायकोनं विचारलं काय चाललंय, तिला म्हटलं, गप बस.

तक्रार दुपारी वर जायची होती, त्या दिवशी सकाळी सहाला मी काशिनाथला अंथरुणातून उठवलं. तो कुरकुरला, "थंडीत मारतो का मला?" मी त्याला हाताला धरून त्याच्याच बागेत, ओहळाकडच्या वाकड्या शेंड्यांच्या ओळीत उभा केला आणि म्हटलं, "हालायचं नाय." मग ओहळ ओलांडून वर आलो. गव्हाच्या ज्या कोपऱ्यातून ड्रोन उडवला होता, तिथंच पाला पेटवला. वर्षा अंगाला शाल गुंडाळून बांधावर येऊन उभी राहिली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

धूर उठला. दीड पुरुष वर गेला आणि आढ्याला लागल्यासारखा थांबला. तिथं चपटा झाला, पसरला, आणि मग गव्हावरून उताराला लागला. पान हलत नव्हतं. मी त्याच्या बाजूनं चालत होतो, म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं, आणि तो माझ्या बरोबरीनं येत होता. ओहळात उतरला, तिथं जरा साचला, भरल्यावर पलीकडच्या बुटक्या काठावरून सांडला आणि काशिनाथच्या मांडवाखाली शिरला. ओळींमधून आत आत गेला. काशिनाथ खोकायला लागला. पलीकडून मथुरा ओरडत आली, "कोण पेटवतंय रे सकाळीसकाळी?"

काशिनाथनं मफलर नाकाला लावला. त्यानं वर शेंड्यांकडं बघितलं, मग मागं वळून माझ्या वावराकडं.

"वारा तर नाय," तो म्हणाला.

"नाय."

"आन तुला हे म्हाईत नव्हतं?"

माझ्या डोळ्यांत धूर गेला होता. ते पुसायला मी थांबलो नाही.

"नव्हतं," मी म्हणालो. "वर्षाला माहीत होतं. तिनं सांगितलं. मी ऐकलं नाय." आणि मथुरा अजून चार ओळी लांब होती, म्हणून मी तेच पुन्हा, मोठ्यानं म्हणालो.